स्वभावाला आजाराचं नाव देताना

ओसीडी हा मानसिक आजार असलेल्या माणसाची खोली पसाऱ्याने भरलेली असू शकते. अनेकांना हे वाक्य चुकीचं वाटेल, कारण रोजच्या बोलण्यात ओसीडी म्हणजे टापटिपीची आवड, हा अर्थ पक्का बसला आहे. कपड्यांच्या घड्या एकसारख्या लागतात, भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की राहवत नाही, म्हणून 'मला जरा ओसीडीच आहे' असं सहज म्हटलं जातं. त्याच ओघात एखादा दिवस वाईट गेला की 'डिप्रेशन आलंय', मैत्रिणीने दोनदा बेत बदलला की 'ती बायपोलर आहे', कामात लक्ष लागलं नाही की 'माझा एडीएचडी', आणि ज्याच्याशी पटलं नाही तो 'नार्सिसिस्ट'.

असं बोलणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं. तरीही या सवयीबद्दल सविस्तर लिहायला हवं असं मला वाटतं, कारण यातल्या प्रत्येक नावामागे एक खरा आजार आहे आणि तो भोगणारी माणसं आपल्या आसपासच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ९७ कोटी लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारासह जगत होते, म्हणजे दर आठ जणांत एक. आपण ही नावं कशी उच्चारतो ते या लोकांच्या कानावर पडत असतं, आणि स्वतःच्या त्रासाबद्दल तोंड उघडायचं की नाही हे त्यांचं बरंचसं त्यावरून ठरतं.

ओसीडीच्या आत काय चालतं

मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. सुरुवात होते एका नकोशा विचाराने. हाताला काहीतरी घातक लागलंय. दार उघडंच राहिलंय. गाडी चालवताना आपण कुणालातरी धडक दिली आणि आपल्याला कळलंच नाही. कधी हे विचार याहून भयंकर असतात: पोटच्या बाळाला आपल्याच हातून काही होईल, किंवा ऐन प्रार्थनेच्या वेळी मनात अभद्र शब्द येतील. हे विचार त्या माणसाला नको असतात. ज्या गोष्टी त्याला सगळ्यात प्रिय आणि पवित्र वाटतात, नेमक्या त्यांच्यावरच ते घाला घालतात. बाळाबद्दल असा विचार येणारी आई बाळावर जीव टाकत असते. म्हणूनच ती घरातल्या सुऱ्या लपवते, बाळाजवळ एकटी थांबायला घाबरते आणि हे कुणालाही सांगत नाही.

मग भीती शमवण्यासाठी कृती येते. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप ओढून बघणं, आलेल्या रस्त्याने मागे जाऊन कुणी पडलंय का पाहणं, मनातल्या मनात ठराविक आकडे मोजणं. कृती केली की थोडा वेळ हायसं वाटतं आणि घात होतो तो इथेच. धोका खरा होता आणि आपण हे केलं म्हणूनच तो टळला, असा धडा मेंदू या सुटकेतून घेतो. पुढच्या वेळी विचार आणखी जोर धरून येतो, कृतीही वाढते. या चक्रात दिवसाचा एक तासाहून अधिक वेळ जावा, किंवा त्यामुळे माणसाला मोठा त्रास व्हावा, त्याचं रोजचं जगणं अडावं, असं निदानाच्या निकषांत लिहिलेलं आहे. काहींचे अख्खे दिवस यात जातात. धुऊन धुऊन हातांची सालटं निघतात, कामावर पोचायला रोज उशीर होतो, घरच्यांनाही त्या विधींमध्ये ओढलं जातं.

हे टापटिपीशी ताडून पाहा. ज्याला नीटनेटकं आवडतं त्याला आवरून झाल्यावर समाधान मिळतं आणि मग तो दुसऱ्या कामाला लागतो. मंत्रचळ असलेल्या माणसाला ते समाधान कधीच पुरत नाही. आपण करतोय ते निरर्थक आहे हेही त्याला बहुधा कळत असतं, पण न करता राहणं असह्य होतं. आणि खोलीचं म्हणाल, तर कुठल्याही वस्तूला हात लावायचीच धास्ती बसलेल्या माणसाच्या खोलीत पसारा साचतच जाणार.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. विचित्र, हिंसक किंवा लाज वाटावी असे विचार अधूनमधून जवळजवळ सगळ्यांच्याच मनात येऊन जातात. रॅचमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी १९७८ मध्ये कुठलाही आजार नसलेल्या लोकांना याबद्दल विचारलं, तेव्हा बहुसंख्य लोकांनी असे विचार येत असल्याचं सांगितलं. रुग्णांचे विचार आणि त्यांचे विचार यांच्या आशयात फार अंतर नव्हतं. उंच गच्चीवर उभं असताना 'उडी मारली तर?' असं मनात चमकून गेलं तर बहुतेक जण ते झटकून टाकतात. मंत्रचळात तो विचार चिकटून बसतो, कारण 'असं मनात आलं म्हणजे मीच वाईट आहे' असा अर्थ माणूस त्याला लावतो.

आता त्या आईचा विचार करा. ओसीडी हा शब्द तिने शंभरदा ऐकला आहे, पण दर वेळी घड्या आणि तसबिरींच्या संदर्भात. आपल्याला होतंय तेही त्याच नावाचं आहे, हे तिच्या डोक्यातही येत नाही. आपण आई व्हायच्या लायकीचे नाही असं तिला वाटत राहतं. मंत्रचळाचे रुग्ण पहिली लक्षणं दिसल्यापासून योग्य उपचारापर्यंत पोचायला अनेकदा कित्येक वर्षं घेतात, हे मानसोपचारतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. उपचार नाहीत असं नाही. भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि ती शमवणारी कृती मात्र करायची नाही, या पद्धतीची मानसोपचारपद्धती आहे, औषधं आहेत, आणि पुष्कळांना त्यांचा चांगला उपयोग होतो. शब्द पातळ झाल्याची सगळ्यात मोठी किंमत मला इथे दिसते. ज्याला त्या नावाची खरी गरज आहे, त्याच्यापर्यंत ते अर्थासकट पोचतच नाही.

आजार कुठे सुरू होतो

उदासी, काळजी, संशय, विसराळूपणा, आत्मप्रौढी यांपैकी काहीच आजारी माणसांच्या मालकीचं नाही. हे सगळं सगळ्यांमध्ये कमी-अधिक असतं. मग रेषा कुठे ओढायची?

रक्तदाबाचं उदाहरण घेतलं तर हे समजायला सोपं जातं. रक्तदाब प्रत्येकाला असतो, तो दिवसभरात वर-खाली होतो, आणि एका आकड्याच्या अलीकडे सगळे निरोगी, पलीकडे सगळे आजारी असं शरीरात काही घडत नाही. रेषा डॉक्टरांनी ओढलेली असते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी ती १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि एका फटक्यात कोट्यवधी लोक 'उच्च रक्तदाबाचे' झाले. म्हणून उच्च रक्तदाब हा खोटा आजार ठरत नाही. त्याने खरोखर पक्षाघात होतो. रेषा माणसाने ओढलेली असली तरी त्यापलीकडचा धोका खरा असतो.

मानसिक आजारांत मोजायला असं यंत्र नाही. रक्ततपासणी किंवा मेंदूचा फोटो काढून नैराश्याचं निदान करता येत नाही. त्यामुळे तज्ज्ञ लक्षणांच्या जोडीने आणखी काही गोष्टी पाहतात. किती काळ चाललंय? दिवसातला किती वेळ? झोप, काम, नाती, शिक्षण यांवर किती परिणाम झालाय? आणि हे दुसऱ्याच कशामुळे होत नाही ना? हा शेवटचा प्रश्न सामान्य बोलण्यात पूर्णपणे गळून जातो. थायरॉइड मंदावला तर थकवा, उदासी, सुस्ती येते. तोच जास्त काम करू लागला तर छातीत धडधड आणि अस्वस्थपणा. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडलं, रक्तक्षय झाला, झोप अपुरी पडली, दारू वाढली, एखादं औषध मानवलं नाही, तरी मनाची लक्षणं दिसतात. चांगला डॉक्टर आधी ही सगळी कारणं तपासून वगळत जातो आणि मग नावापर्यंत येतो.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनची 'डीएसएम' ही निदानपुस्तिका पहिल्यांदा १९५२ मध्ये निघाली, पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि तिची सुधारित प्रत २०२२ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेची 'आयसीडी' ही यादी वेगळी, तिची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. या याद्या दगडावरची रेघ नाहीत. समलैंगिकतेला डीएसएमने एकेकाळी विकार मानलं होतं आणि १९७३ मध्ये ते काढून टाकण्याचा निर्णय झाला. शोक किती काळ चालला तर त्याला आजार म्हणावं यावर तज्ज्ञांत अजून खल होतो. 'दीर्घकालीन शोकविकार' ठरवायला आयसीडी किमान सहा महिने जाऊ देते, तर डीएसएम प्रौढांसाठी किमान बारा. जिथे आयुष्यभर याच विषयात काम करणारी माणसं इतक्या सावधपणे पावलं टाकतात, तिथे आपण दोन वाक्यांत निकाल देऊन मोकळे होतो.

उदास दिवस आणि नैराश्य

डीएसएमनुसार नैराश्याच्या निदानासाठी नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणं, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे असावी लागतात. त्यात एक तर मन खिन्न असणं किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी काहीतरी असायलाच हवं. बाकीची लक्षणं अशी: भूक किंवा वजनात बदल, झोप उडणं किंवा अतिझोप, हालचाल मंदावणं किंवा तगमग, सतत थकवा, आपण कवडीमोल आहोत असं वाटणं किंवा अकारण अपराधीपणा, लक्ष न लागणं, मरणाचे विचार.

यादी वाचून नैराश्य कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. उदास माणसाला आवडती व्यक्ती भेटली, काही चांगलं घडलं, तर थोडा वेळ तरी मन वर येतं. गंभीर नैराश्यात ते येईनासं होतं. मूल धावत येऊन गळ्यात पडतं, आणि आपल्याला काहीच वाटत नाही हे त्या आईबापाला कळतं. ते कळण्याची यातना वेगळीच असते. आंघोळ हे दिवसभर पुढे ढकलण्याचं काम होऊन बसतं. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. अनेकांना रडूही येत नाही. काही जण कामावर जातात, हसतात, बोलतात आणि घरी येऊन कोसळतात. मुलांमध्ये आणि किशोरवयात तर उदासीऐवजी चिडचिडच पुढे दिसते, आणि घरचे म्हणतात, 'हल्ली फार उद्धट झालाय.'

परीक्षेत कमी गुण पडले, आवडता संघ हरला, सुट्टी संपली की आपण 'डिप्रेशन आलं' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी ते गेलेलं असतं. मग ज्याचं जात नाही त्याला काय ऐकावं लागतं? 'मलाही यायचं डिप्रेशन. मी व्यायाम सुरू केला, बाहेर पडले, गेलं.' सांगणाऱ्याला मदतच करायची असते. ऐकणाऱ्यापर्यंत मात्र असं पोचतं की सगळ्यांना होतं ते मलाच झेपत नाही. अपराधीपणा हे मुळातच त्याच्या आजाराचं लक्षण, त्यात या तुलनेची भर.

बायपोलर, स्किझोफ्रेनिया, पॅनिक अटॅक

बायपोलर विकारातले चढ-उतार तासांचे नसतात. उन्मादाची अवस्था निदानासाठी सहसा किमान एक आठवडा टिकावी लागते. त्या काळात माणूस दोन-तीन तास झोपूनही दमत नाही, विचार आणि बोलणं सुसाट धावतं, अफाट योजना आखल्या जातात, कधी सगळी बचत उधळली जाते. नंतर नैराश्याचे आठवडे, महिने. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं बोलणारा माणूस लहरी असेल, अडचणीत असेल किंवा निव्वळ दमलेला असेल.

स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन माणसं, ही समजूत तर मुळापासून चुकीची आहे. या आजारात वास्तवाशी असलेलं नातं बिघडतं. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी पाळतीवर आहे याची ठाम खात्री वाटते, विचारांची साखळी तुटते, आणि अनेकांच्या बाबतीत उत्साह, बोलणं, इच्छा हळूहळू आटत जातात. जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, साधारण तीनशे जणांत एक. परस्परविरोधी बोलणाऱ्या नेत्याला किंवा धोरणाला 'स्किझोफ्रेनिक' म्हणणारे या रुग्णांबद्दलची भीती आणखी घट्ट करतात. एकूण पाहता हे रुग्ण हिंसा करण्यापेक्षा हिंसेचे बळी होण्याची शक्यता जास्त असते. जपानमध्ये या आजाराचं जुनं नाव इतकं बदनाम झालं होतं की अनेक डॉक्टर रुग्णाला निदानच सांगत नसत. २००२ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून नाव बदललं, आणि पुढच्या काही वर्षांत निदान मोकळेपणाने सांगण्याचं प्रमाण बरंच वाढलं.

पॅनिक अटॅकबद्दल एवढंच: मुलाखतीआधी पोटात गोळा येणं म्हणजे पॅनिक अटॅक नव्हे. तो काही मिनिटांतच शिगेला पोचतो, श्वास अडकतो, छाती आवळते आणि आपण आत्ता मरणार अशी खात्री वाटते. पहिल्यांदा असं झालं तर हृदयाची तपासणी करून घ्यावी.

दुसऱ्याला चिकटवलेलं नाव

स्वतःला लावलेल्या नावापेक्षा दुसऱ्याला लावलेलं नाव मला अधिक काळजी करायला लावतं. सोडून गेलेला जोडीदार नार्सिसिस्ट म्हणजे आत्ममग्न, कडक बोलणारी सासू टॉक्सिक, फोन न उचलणारा मित्र अवॉयडंट म्हणजे जवळीक टाळणारा. आत्ममग्नता हा स्वभावाचा एक पैलू म्हणून प्रत्येकात थोडाफार असतो. व्यक्तिमत्त्वविकार म्हणायचं तर तो तरुणपणापासून चालत आलेला, जवळजवळ प्रत्येक नात्यात आणि प्रसंगात दिसणारा साचा असावा लागतो. तो ठरवायला तज्ज्ञालाही अनेक भेटी लागतात. आपल्याकडे मात्र एकाच नात्यातली एकच बाजू असते, तीही दुखावलेली.

यासंबंधी एक जुनं प्रकरण सांगण्यासारखं आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत एका मासिकाने राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या त्या पदाला लायक आहेत का, असा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञांना पाठवला. हजाराहून अधिक जणांनी 'नाहीत' असं कळवलं. त्यांना तपासलेलं कुणीच नव्हतं. गोल्डवॉटर यांनी खटला भरला आणि जिंकला. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला, की स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय कुठल्याही सार्वजनिक व्यक्तीच्या मानसिक स्थितीवर व्यावसायिक मत द्यायचं नाही.

नाव दिलं की नेमकं काय घडलं ते सांगायची गरज उरत नाही, हा यातला मोठा तोटा आहे. 'तो माझे पैसे माझ्याकडून काढून घ्यायचा, मैत्रिणींना भेटू द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा' या वाक्यावरून मैत्रीण, समुपदेशक किंवा वकील काहीतरी करू शकतात. 'तो नार्सिसिस्ट होता' यावरून फक्त मान डोलावता येते. छळ हा छळच असतो, छळणाऱ्याला आजार असो वा नसो. आणि उलट, हा विकार असलेली माणसंही उपचार घेतात, बदलायचा प्रयत्न करतात. त्यांचं निदान म्हणजे शिवी करून टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

'ट्रॉमा', म्हणजे मानसिक आघात, या शब्दाचंही असंच झालं आहे. युद्धाहून परतलेल्या सैनिकांसाठी आणि अत्याचारातून वाचलेल्यांसाठी झगडून १९८० मध्ये पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा तणावविकार) हे निदान डीएसएममध्ये आलं. डीएसएममध्ये त्यासाठी मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यांना किंवा त्यांच्या धोक्याला सामोरं जावं लागलेलं असणं अपेक्षित आहे. आता अवघड पेपरचाही ट्रॉमा होतो. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ निक हॅस्लम यांनी २०१६ मध्ये या पसरण्याचा अभ्यास मांडला. आघात, छळ, मानसिक विकार अशा संकल्पना नव्या गोष्टींनाही कवेत घेत जातात आणि पूर्वीपेक्षा सौम्य गोष्टींनाही. हॅस्लम यांनी याची चांगली बाजूही सांगितली आहे: पूर्वी मुकाट सोसलेलं बरंच काही आज अन्याय म्हणून ओळखलं जातं.

मग आपण असं का करतो

कारण नाव मिळालं की बरं वाटतं. आपण आळशी नाही, आपल्याला 'काहीतरी' आहे, आणि तसेच इतरही आहेत. ही गरज खरी आहे, तिला हसू नये.

त्यात लक्षणांच्या याद्यांची एक करामत असते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्वचाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं विश्लेषण' म्हणून एक कागद दिला. सगळ्यांना शब्दन् शब्द तोच मजकूर मिळाला होता. तरीही हे वर्णन आपल्याला किती लागू पडतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. 'तुम्ही वरून शांत असता पण आतून अस्वस्थ असता' हे कुणाला लागू पडत नाही? 'एडीएचडीची ही लक्षणं तुमच्यात आहेत का' असं विचारणारे छोटे व्हिडिओ याच जोरावर चालतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टिकटॉकवरचे एडीएचडीविषयीचे सर्वाधिक पाहिलेले १०० व्हिडिओ तपासले, त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. किल्ल्या विसरणं, एक काम सोडून दुसरं धरणं हे तर सगळ्यांचंच. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, याच्या निदानासाठी मात्र अनेक लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि घर, शाळा, कामाची जागा यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. गेल्या वर्षी नोकरी बदलल्यावर लक्ष उडायला लागलं असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

आणि नाव एकदा लागलं की ते आपल्याला घडवू लागतं. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी हे नीट उलगडून दाखवलं होतं: माणसांचं वर्गीकरण केलं की माणसं त्या वर्गाप्रमाणे वागू लागतात, मग वर्गच बदलतो. २०२३ मध्ये लुसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या संशोधकांनी अशी शक्यता मांडली की मानसिक आरोग्याविषयीच्या जनजागृतीमुळे खरे रुग्ण पुढे येत आहेत, हे चांगलंच आहे, पण त्याचबरोबर काही जण सौम्य त्रासालाही विकार समजू लागले असतील आणि त्या समजुतीनेच त्यांचा त्रास वाढत असेल. हा सिद्धांत अजून तपासला जातोय. पण यंत्रणा पटण्यासारखी आहे. 'मला अँक्झायटी आहे' असं पक्कं ठरवलेली मुलगी चारचौघांत बोलायचं टाळते, टाळल्यामुळे भीती वाढते, आणि वाढलेली भीती तिला निदानाचा पुरावा वाटते. 'मला लोकांसमोर बोलायची भीती वाटते' एवढंच म्हणणारी मुलगी कदाचित पुढच्या वेळी उठून उभी राहील.

स्वतःला शंका आली तर

शंका येणं चूक नाही. निदानाचा प्रवास बहुतेकांचा तिथूनच सुरू होतो. विशेषतः स्वमग्नता (ऑटिझम) किंवा एडीएचडी लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही, अशा अनेक प्रौढांनी, त्यातही स्त्रियांनी, आधी कुठेतरी वाचलं, मग ते तज्ज्ञांकडे गेले, आणि आयुष्यभराचा उलगडा झाला. उपचार महाग असतात, जवळपास डॉक्टर नसतात, घरचे जाऊ देत नाहीत, हेही खरं आहे. तेव्हा ज्याने स्वतःला नाव लावलं त्याच्यावर 'नाटक करतोस' म्हणून धावून जाऊ नये. 'मला तज्ज्ञाकडे जाऊन बघायला हवं असं वाटतंय' आणि 'मला हे आहेच' या दोन वाक्यांमधली जागा मात्र सांभाळायला हवी.

इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या या चाळणीसारख्या कामाच्या आहेत. त्यातली पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली डॉक्टरही वापरतात. पण तिच्यात जास्त गुण आले याचा अर्थ 'पुढे तपासा' एवढाच. जाताना नाव घेऊन जाण्यापेक्षा तपशील घेऊन जा: कधीपासून, किती वेळा, झोप कशी, भूक कशी, काय करणं बंद झालं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, कुठली औषधं चालू आहेत. डॉक्टरांना याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

समोरच्याने म्हटलं तर

रोजच्या बोलण्यासाठी आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. करमत नाही, वैताग आलाय, धास्ती वाटते, जीव कासावीस होतो, उबग आलाय, मन लागत नाही. यातला प्रत्येक शब्द 'डिप्रेशन'पेक्षा नेमकं काहीतरी सांगतो आणि ऐकणाऱ्याला काय करता येईल तेही सुचवतो. मी स्वतः हे शब्द जाणीवपूर्वक वापरते.

पण दुसऱ्याने आजाराचं नाव सहज वापरलं की तिथल्या तिथे त्याची शिकवणी घेणं मला योग्य वाटत नाही. एक तर चारचौघांत चूक दाखवलेला माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो. दुसरं म्हणजे, ते सहज म्हटलंय की खरं, हे आपल्याला ठाऊक नसतं. ज्यांना खरंच त्रास होतोय ते अनेकदा तो विनोदाच्या सुरातच पहिल्यांदा बोलून बघतात.

म्हणून 'मला डिप्रेशन आलंय यार' असं कुणी म्हटलं, तर नंतर एकट्याला गाठून विचारावं, 'म्हणजे नेमकं काय होतंय? किती दिवस झाले? झोप लागते का?' उत्तर 'अरे, सहज म्हणालो' असं आलं तर काही बिघडत नाही. पण उत्तर लांबलं, आठवड्यांचा हिशेब निघाला, जगण्यात काही अर्थ नाही असं काही कानावर पडलं, तर स्पष्ट विचारावं: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात भरवला जात नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून अनेकांना मोकळं वाटतं. तो 'हो' म्हणाला तर वाद घालू नये, उपदेश करू नये. त्याने काही ठरवलंय का, साधन जवळ आहे का ते विचारावं, ते दूर करावं, त्याला एकटं सोडू नये, आणि त्याच्या विश्वासातल्या आणखी एका माणसाला सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावं.